आधी घर, मग मूल

विमलबाई पहिल्यांदा आमच्या खोलीत आल्या तेव्हा त्यांनी माझ्या मुलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मला रागच आला. आठ महिन्यांची ओवी तेव्हा अशी गोबरी होती की भाजी घेताना अनोळखी बायकासुद्धा तिचा गालगुच्चा घेऊन जायच्या. आणि ही अंगणवाडीची बाई, जिचं कामच मुलं बघायचं, ती दारात चपला काढून सरळ खिडकीपाशी गेली. खिडकी उघडून तिने हात बाहेर घातला. हात पलीकडच्या इमारतीच्या भिंतीला टेकला. मग आमच्या भिंतीवरून बोट फिरवून ते नाकाशी नेलं. पाण्याच्या पिंपावरचं झाकण उचलून आत डोकावून पाहिलं. शेवटी बाईंनी खांद्यावरच्या पिशवीतून एक उदबत्ती काढली, पेटवली, माझ्याच टोपलीतल्या बटाट्यात खोचली आणि फरशीवर मांडी घालून बसल्या.

"देवाला लावायची असेल तर देव्हारा इकडे आहे," मी जरा फणकाऱ्यानेच म्हटलं.

"देवाला न्हाई. पोरीला लावली."

मला वाटलं, बाई भाविक दिसतात. दृष्टबिष्ट काढत असतील. त्या मात्र धुराकडे बघत बसल्या होत्या.

"बग. वर जातुया आनि तितंच बसतुया. ह्या खोलीत वारं न्हाई. पोरीला दिसातनं दोन येळा गच्चीवर न्हेत जा." एवढं झाल्यावर त्यांनी ओवीला मांडीवर ओढलं. "आदी घर बगायचं, मंग मूल. नुसतं मूल बगून काय कळतंय? ते हसतच असतंय."

आम्ही बार्शीहून पुण्याजवळच्या माणला आलो ते नवऱ्याच्या नोकरीपायी. संदीपची कंपनी हिंजवडीत, तिथली भाडी आमच्या आवाक्याबाहेर, म्हणून तात्यांच्या इमारतीत खोली घेतली. तात्या म्हणजे आमचे घरमालक. जिथे एकेकाळी त्यांचा भात उभा राहायचा तिथे आता खोल्या उभ्या होत्या. पुढे त्यांचा गुलाबी बंगला, मध्ये आमची तीन मजली इमारत आणि सगळ्यांत मागे पत्र्याच्या छपराची दहा खोल्यांची रांग. तिला सगळे मागची चाळ म्हणत. आमच्यासारखे ऑफिसात जाणारे लोक इमारतीत आणि कंपन्यांमधले वॉचमन, झाडलोट करणारे, कँटीनमध्ये राबणारे मागच्या चाळीत, अशी आपोआप वाटणी झालेली होती. इमारतीतले लोक प्यायला जार विकत घ्यायचे. बंगल्यात भिंतीवर फिल्टर होता. मागच्या चाळीत नळाला बोरचं पाणी यायचं आणि तेच प्यायचं.

विमलबाई ह्याच बंगल्यातल्या. तात्यांच्या धाकट्या भावाची बायको. नवरा तरुणपणीच गेला, एकुलती मुलगी नांदे गावात दिलेली. म्हणजे बाई मालकाच्या घरच्या, आणि तरी दिवसभर भाडेकरूंच्या उंबऱ्यावर. अंगणवाडीची साडी, केसांचा सुपारीएवढा अंबाडा आणि ती खांद्याची पिशवी. पिशवीत टांगायचा वजनकाटा, कापडी झोळी, उदबत्तीचा पुडा, पेन्सिल आणि एक जाडजूड वही. सरकारने दिलेला बॅटरीवरचा काटा त्यांनी कपाटात बंद करून टाकला होता. "त्यो कवा खरं बोलतोय आनि कवा न्हाई, कळत न्हाई," म्हणायच्या. सरकारी मोबाइलशी तर त्यांचं उभं वैर होतं. ॲपमध्ये मुलांची वजनं भरायची वेळ आली की त्यांना घाम फुटायचा. पहिल्या महिन्यातच त्यांनी मला हेरलं आणि तो फोन माझ्या हातात दिला. माझं बी.कॉम. शेवटी त्या कामी आलं.

दर महिन्याला मागच्या चाळीच्या पडवीत, आडव्या अँगलला काटा टांगून वजनं व्हायची. ते बघायला मला आवडायचं. वजन वाढलं असेल तर बाई लिलावातल्यासारखा आकडा पुकारायच्या. "नऊ किलो शंभर! ऐकलं का गं? नऊ किलो शंभर!" आई लाजायची, पोर भोकाड पसरायचं, बाकीच्या बायका हसायच्या. आणि वजन उतरलं असेल तर बाई काहीच बोलायच्या नाहीत. पोराला झोळीतून सोडवायच्या, त्याचे कपडे सारखे करायच्या, डोक्यावरून हात फिरवायच्या आणि आईच्या कडेवर द्यायच्या. आकडा फक्त माझ्या कानात सांगायच्या, फोनमध्ये भरायला. चाळीतल्या बायका त्यांच्या रागावण्याला मुळीच घाबरत नसत. त्यांच्या गप्प बसण्याला मात्र फार घाबरत.

वही ही त्यांची स्वतःची भानगड होती. ॲपमध्ये मुलांची नावं होती, वहीत खोल्या होत्या. प्रत्येक खोलीला एक पान. भिंतीला ओल आहे का, स्वयंपाक कशावर होतो, खिडकी कुठे उघडते, घरात कोण विड्या ओढतं, बाप मारतो का. हे सगळं पेन्सिलीने, आणि त्याखाली मुलाचं वजन. मी एकदा विचारलं, हे वर कोणी मागतं का? "कोन मागतंय," त्या म्हणाल्या. "म्हनून तर लिवते."

आता बाईंची एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. त्या तात्यांशी बोलत नसत. भांडण नव्हतं काही. थोरल्या दिरासमोर डोक्यावरून पदर घ्यायचा आणि तोंडाला तोंड देऊन बोलायचं नाही, ही त्या घरची जुनी रीत. बाकी घरातल्या सगळ्या रीती जमिनीबरोबर गेल्या, सुना जीन्स घालून स्कूटरवर फिरायला लागल्या, पण बाईंनी ही एक सोडली नाही. पस्तीस वर्षांत त्यांनी तात्यांशी एक सरळ वाक्य उच्चारलं नव्हतं. सांगायचं असेल ते कुणाच्या तरी आडून सांगायच्या, आणि मध्ये कुणी नसेल तर भिंतीकडे बघून.

सात नंबरच्या खोलीला खिडकीच नव्हती. तिथलं पोर वर्षभर खोकत होतं. बाईंनी उदबत्ती लावून पाहिली तर पाच मिनिटांत आम्हीच खोकायला लागलो. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या बांधकामावरून त्यांनी पहार आणली आणि पदर खोचून मागच्या भिंतीच्या चार विटा पाडल्या. आवाज ऐकून तात्या आले. सहा फुटी माणूस, पांढरी विजार, गळ्यात जाड साखळी.

"हे काय चाललंय? माजी भिंत हाय ती!"

बाईंनी पदर ओढला आणि पाठ फिरवून त्या भगदाडालाच सांगायला लागल्या, "घरमालकाला म्हनावं, जाळी बसवा. पोराचा दम कोंडतुया. उद्या काय झालं तर चाळीचं नाव खराब हुईल, मंग कोन ऱ्हायला येनार न्हाई."

तात्यांना त्या भगदाडाशी काय वाद घालावा हे सुचेना. "करा काय करायचं ते," म्हणून गेले. संध्याकाळी गवंडी येऊन जाळी बसवून गेला. आम्ही बायका दोन दिवस हसत होतो. बाईही हसल्या. मला तेव्हा वाटलं, ह्या बाईला अशक्य असं काही नाही. किती भाबडी होते मी.

ओवी दोन वर्षांची झाली त्या पावसाळ्याच्या शेवटी मागच्या चाळीतली वजनं पुकारली जायची थांबली. आधी एक पोर गप्प उतरलं, मग दुसरं. पुढच्या महिन्यात पाच. जुलाब, उलट्या, ताप, एकाचे डोळे पिवळे. तिसऱ्या महिन्यात त्या पडवीत नुसती शांतता होती. काट्याची कडी तेवढी वाजायची.

सगळ्यांत वाईट अवस्था आरोहीची. तीन नंबरच्या खोलीतली, हिंगोलीकडची. आई पूजा एका कंपनीत फरशा पुसायला जायची, बाप तिथेच गेटवर. आरोही ओवीच्याच वयाची, दोघी गच्चीवर एकत्र खेळायच्या. ओवी तिला ‘आलोई’ म्हणायची. बघता बघता ओवीचा फ्रॉक तिला दोनदा गुंडाळता येईल अशी झाली. तिला जिना चढवेना. खालच्या पायरीवर बसून ती वर बघत राहायची आणि ओवी वरून हाका मारत राहायची.

कारणं सगळ्यांकडे तयार होती. पूजा म्हणायची, "दात येऊ लालेत, बाई, म्हणून." तिची सासू फोनवर सांगायची, दृष्ट लागली. तात्या म्हणायचे, भाडेकरूंची पोरं, दिवसभर पुड्यातलं अरबट चरबट खातात, होणारच. आणि विमलबाई, खोटं कशाला सांगू, विमलबाईसुद्धा आयांनाच बोलल्या. हात धुवा, नखं कापा, भांडी घासा. त्यांनी स्वतः दारोदार जाऊन बायकांना हात धुवायला शिकवलं. जुलाब लागलेल्या पोरांना पाणी जास्त पाजा म्हणून बजावलं. आरोहीला पाजलेली मिठासाखरेची पुडी त्यांनी स्वतःच्या हाताने कालवली होती, पूजाच्या हंड्यातल्या पाण्यात. पाणी उकळून घ्या, एवढंही त्या सांगायच्या, पण गॅस कुणाला परवडत होता. आणि खरं म्हणजे बाईंनीही ते सवयीने सांगितलं होतं. त्या पाण्यावर त्यांचा संशय नव्हता. ते त्यांच्या घरचं पाणी होतं.

एका दुपारी मी त्यांच्या वहीवरून फोनमध्ये आकडे भरत होते. मला एक गंमत वाटली म्हणून सहज म्हटलं, "बाई, ह्या चार नंबरच्या खोलीतलं पोरगं बरं चांगलं आहे. दोघं शेजारी, तीन नंबर आणि चार नंबर. हे वाढतंय आणि ती वाळतेय."

"चार नंबर म्हंजी त्यो कँटीनवाला न्हवं?"

"हो. तो रोज कंपनीतून पाण्याचा कॅन आणतो ना सायकलला अडकवून. बायकोला बोरच्या पाण्याचा वास आवडत नाही म्हणे."

बाईंनी हातातली पेन्सिल खाली ठेवली. मग उठल्या आणि मला हाताने चल अशी खूण करून चाळ आणि इमारत ह्यांच्यामधल्या मोकळ्या जागेत घेऊन गेल्या. तिथे मोठी काँक्रीटची स्लॅब होती. तिच्यावर तात्यांची पांढरी गाडी उभी असायची.

"ही आमची हीर," त्या म्हणाल्या.

मला आधी काही कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. लग्न होऊन आल्यापासून पंधरा-वीस वर्षं त्यांनी त्या विहिरीचं पाणी ओढलं. गार पाणी, पण त्याला एक वास, ओल्या हातात गंजका खिळा धरल्यावर हाताला लागतो तसा. मग चाळीस पावलांवर बोर मारला. मशीन खाली जात होतं तेव्हा विहिरीचं पाणी बघता बघता दुधासारखं पांढरं झालं. खडकाची पूड. "समदी नाचाया लागली. म्हनले, झरा येकच लागला. नारळ फोडला, पेढं वाटलं. बोरच्या पान्याला बी त्योच वास." पुढे बोर आला म्हणून विहीर पडून राहिली. मग चाळ बांधली, इमारत बांधली. एवढ्या माणसांच्या संडासांचं सोडायचं कुठे? टाकी खोदायला खर्च, खाली सगळा कातळ.

"म्हनले, हीर रिकामीच हाय की. नळ आत सोडला आनि वर स्लॅब टाकली. मी बगत व्हते. मिस्तरीला चा म्याच दिला."

त्या स्लॅबकडे बघत उभ्या होत्या. मी त्यांना आधी किंवा नंतर कधी असं पाहिलं नाही. "समद्यांची घरं हुंगत फिरले," म्हणाल्या. "माजंच न्हाई हुंगलं."

मी सरळ तात्यांना सांगू म्हटलं. संदीप म्हणाला, खोली सोडावी लागेल, आधी दुसरी बघू. आणि मी गप्प बसले. हे लिहिताना हात जड होतो, पण बसले. माझ्या ओवीच्या पिंपात जारचं पाणी होतं.

बाई गप्प बसल्या नाहीत. तात्यांच्या बायकोकरवी त्यांनी निरोप दिला. उत्तर आलं, तीस वर्षं आमी हेच पानी पिलो, मेलो का? त्यांनी खटपट करून पाणी तपासायला माणूस बोलावला. तो यायच्या आदल्या दिवशी तात्यांच्या मुलाने टाकीत जंतू मारायची पांढरी पावडर ओतली. सकाळी नळ सोडला तर डोळे चुरचुरत होते. पाणी चांगलं असल्याचा कागद आला. तात्यांनी तो चाळीच्या भिंतीला चिकटवला. त्याच आठवड्यात आरोहीला सरकारी दवाखान्यात भरती केलं. शेवटचं वजन आकडा न पुकारता झालं होतं. बाईंनी माझ्या कानात सांगितलं, सात किलो. अडीच वर्षांची मुलगी.

त्यानंतरच्या रविवारी तात्यांच्या नातवाचा वाढदिवस होता. राजवीर, तीन वर्षांचा. त्याला बाईंनीच अंगाखांद्यावर वाढवलं होतं, त्याला झोप यायची ती त्यांच्या मांडीवर. भर दुपारी मांडव घातलेला, दारात त्याच्या टोपी घातलेल्या फोटोचा फलक, अर्धं माण जेवायला. गाडी हलवून मांडव घातला होता तो नेमका त्या स्लॅबवर. पानं वाढून झाली. राजवीर आजोबांच्या शेजारी छोट्या खुर्चीवर बसलेला. विमलबाई स्टीलचा पेला घेऊन आल्या. डोक्यावरून पदर पार कपाळापर्यंत. तात्यांकडे त्यांनी पाहिलं नाही. त्या मुलासमोर उकिडव्या बसल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा, वजन पुकारायच्या त्या आवाजात म्हणाल्या,

"पी, बाळा. तुज्या आज्याच्या बोरचं पानी हाय. मागच्या चाळीतली पोरं पित्यात, त्येच."

पोराने दोन्ही हातांनी पेला धरला. ओठाला लावणार, एवढ्यात तात्यांचा हात आला. त्यांनी विचार करून केलं असं मला वाटत नाही. हात आपोआप आला आणि पेला उडाला. स्टीलचा तो पेला स्लॅबवर घरंगळत किती तरी वेळ वाजत राहिला. राजवीर रडायला लागला. जेवणारी माणसं घास हातात धरून बघत होती, आणि मागच्या चाळीतल्या, वाढायला बोलावलेल्या बायका परातींसकट उभ्या होत्या.

बाईंनी मुलाचे डोळे पुसले. "रडू नगं. बग, तुज्या आज्याला समदं ठावं हाय."

पुढे काही दिवसांनी मी त्यांना विचारलं, तात्यांनी हात मारला नसता तर? त्या माझ्यावर खेकसल्याच. "काय यडीबिडी हायेस का? उकळून गार केल्यालं व्हतं. पोर हाय ते."

दुसऱ्या दिवसापासून चाळीला बोरचं पाणी बंद झालं. तात्यांनी जार सुरू केले. मुलं हळूहळू सावरली. बंगल्यात बाईंना कुणी जा म्हटलं नाही, पण त्यांचं ताट कुणी वाढेना, तेव्हा त्या आपली वळकटी घेऊन तीन नंबरच्या खोलीत राहायला आल्या. ती रिकामी झाली होती. दवाखान्यातून आरोहीला घेऊन पूजा आणि तिचा नवरा परस्पर गावी गेले होते. बाई तिच्या बापाचा नंबर माझ्याकडून सारखा लावून घ्यायच्या. तो कधी लागला नाही. वहीतलं तीन नंबरचं पान त्यांनी तसंच ठेवलं. स्वतः त्या खोलीत राहायला लागल्या तरी त्यावर दुसरं काही लिहिलं नाही.

आम्ही माणमध्ये आणखी वर्षभर काढलं आणि तिथून जवळच, नेऱ्याला फ्लॅट घेतला. नववा मजला, बाल्कनी, पलीकडे अजून थोडी शेतं. टेम्पोत सामान चढवत होतो तेव्हा मागून बोरच्या मोटरीची घरघर ऐकू येत होती. मला वाटलं, बांधकामाला पाणी घेत असतील. बाई निरोप द्यायला आल्या होत्या. त्यांनी एकदा त्या आवाजाकडे मान वळवली, पण तेवढ्यात ओवी त्यांच्या गळ्यात पडली.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते ह्याच फ्लॅटमध्ये, दीड वर्षाने. नोकरी संपली होती, लेकीकडे नांद्याला चालल्या होत्या, त्याआधी भेटायला आल्या. पिशवी मात्र खांद्याला होतीच. सुकल्या होत्या. ओवी शाळेत जाऊ लागली होती. ती "बाई, बाई" करत धावत आली, तर बाईंनी तिला हाताने थोपवलं आणि आधी खिडकीपाशी गेल्या. मला हसू आलं. बाल्कनीच्या कुंडीत त्यांनी उदबत्ती खोचली. धूर भर्रकन शेतांकडे पळाला.

"झ्याक," त्या म्हणाल्या. "लई झ्याक वारं हाय."

मला परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखं वाटलं. मी चहा ठेवायला गेले. बोलता बोलता सांगत होते, सोसायटीत सगळं आहे, झोपाळे, बाग, चोवीस तास पाणी. फक्त ओवीचं हल्ली जेवण कमी झालंय, पोटात दुखतं म्हणते, अधूनमधून पोट बिघडतं. शाळा नवीन आहे ना, रुळायला वेळ लागतो. बाई ओट्याशी आल्या. भिंतीवरच्या फिल्टरचा लाल दिवा लुकलुकत होता. त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हटलं, तो दोन महिने तसाच आहे, दुरुस्तीवाला येतो येतो म्हणतो, तोवर नळाचंच भरतो. पाणी दिसायला स्वच्छ आहे.

त्यांनी नळ सोडला. ओंजळ धरली. ओंजळ नाकाशी नेली आणि तशाच उभ्या राहिल्या. पाणी बोटांच्या फटींतून गळून गेलं तरी हात तसेच होते.

"हे पानी कुटनं येतं गं?"

"टँकरने. रोज तीन येतात."

त्या बाल्कनीत गेल्या. मी मागोमाग गेले. खाली सोसायटीच्या टाकीशी टँकर उभा होता, जाड पाइप टाकीत सोडलेला. टँकरच्या कपाळावर लाल अक्षरांत नाव होतं. राजवीर. ते नाव मी दीड वर्ष रोज सकाळी वाचत होते. हल्ली घरोघरी राजवीर असतात, असं एकदा संदीपला म्हटलंही होतं.

बाईंनी आत येऊन पिशवी उघडली आणि वहीतलं आमच्या जुन्या खोलीचं पान काढलं. त्यावर ओवीचं शेवटचं वजन होतं, आम्ही माण सोडलं त्या महिन्यातलं. मग त्यांनी बाल्कनीतल्या झोपाळ्याच्या हुकाला काटा टांगला. ओवीला गंमत वाटली. "मी मोठी झाले आता," ती म्हणाली, आणि तरी पाय पोटाशी घेऊन त्या झोळीत बसली. मावली.

काटा थोडा हलला आणि थांबला. मी बाईंच्या तोंडाकडे बघत होते. मनात म्हणत होते, पुकारा, बाई, एकदा मोठ्याने पुकारा.

बाईंनी ओवीला झोळीतून सोडवलं. तिचा फ्रॉक खाली ओढून सारखा केला आणि तिच्या डोक्यावरून हात फिरवला.